पाना कुणाच्या हातात

एक-तीन-चार-दोन. प्रीमियर पद्मिनीच्या चार सिलिंडरांत ठिणगी पडायचा हा क्रम मला पाढ्यांबरोबरच पाठ झाला. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. आम्ही डोंबिवलीत राहायचो. कामावर जाणंयेणं लोकलनंच, तरी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक जुनी पद्मिनी घेतली. फिरायला गाडी हवीच होती, पण दिवसभर कंपनीचं काम केल्यावर उघडायला, जोडायला स्वतःचं काहीतरी हवं, ही ओढ त्यामागे जास्त असावी असं मला अजून वाटतं.

पद्मिनीचं बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसायचं. १०८९ सीसीचं इंजिन आणि बाजूला हात कोपरापर्यंत घालता येईल एवढी मोकळी जागा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, त्यांच्यातली फट फिलर गेजनं बघायची. गेज हाताशी नसेल तर व्हिजिटिंग कार्ड. वायरी परत जोडताना मी क्रम म्हणायचा आणि बाबांनी जोडायच्या. प्लग बसवताना मात्र त्यांचा एक हट्ट असे. आधी बोटांनी फिरवायचा. चार फेरे विनासायास गेला की मगच पाना. "आटे बोटांना कळतात गं, पान्याला कळत नाहीत," असं म्हणायचे. पाना लावूनच सुरुवात केली आणि प्लग तिरका शिरला, तर हेडमधले आटे जातात. मग स्वस्तातल्या एका प्लगपायी हेड उतरवायची पाळी.

कार्बोरेटर उघडून जेट फुंकणं, फॅन बेल्ट बदलणं, टॅपेट सेट करणं, सगळं ते रविवारी इमारतीच्या आवारात करायचे. कसाऱ्याच्या घाटात उन्हाळ्यात गाडी बंद पडली की इंजिनच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून शांत बसायचे. पंपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते, ती निवल्याशिवाय सेल्फ मारण्यात अर्थ नसतो.

हेच बाबा ब्रेकच्या कामाला कधी हात लावत नसत. त्यासाठी गाडी कल्याणला उस्तादांकडे जायची. उस्ताद ब्रेक आणि सस्पेन्शन सोडून दुसरं काम घेत नसत. ते चाकाशी बसून ब्लीडिंगचा निपल उघडायचे आणि बाबा आत पेडलवर. "दाबा. धरा. सोडा." नळीतून ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे येत राहायचे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, मग त्याच्या अलीकडचं, असं चारही चाकांना. पेडल दगडासारखं कडक लागेपर्यंत उस्ताद उठायचे नाहीत. एका मायक्रॉनची चूक ओळखणाऱ्या माणसाला हे घरी करता आलं नसतं का? मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "गाडी सुरू झाली नाही तर आपण आपल्याच दारात उभे असतो. ब्रेक लागला नाही तर तेव्हा कुठे असू, सांगता येतं का? हा माणूस रोज हेच करतो. रोज करणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते माझ्या हाताला महिन्यातून एकदा कळणार नाही."

गाडीचं कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं बाहेर द्यायचं, यावर पुढे मी बरंच ऐकलं. बहुतेक बोलणं पैशांवर येऊन थांबतं, मजुरी किती वाचली यावर. बाबांनी विचारलेला प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. चूक झालीच तर ती कुठे उघडी पडेल? आवारात, की भर वेगात उतारावर?

पद्मिनी गेली. कुर्ल्यातलं तिचं उत्पादन थांबलं. इकडे कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनत होती, तीही फार वर्षं चालली नाही. मुंबईच्या टॅक्सींमध्ये पद्मिनी बरीच टिकली. शेवटची टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाले ती रस्त्याकडेलाच उघडून बसत आणि पुन्हा चालू करत. तिच्या एवढ्या दीर्घ आयुष्याला तेही कारण होतंच.

लग्नानंतर मी कल्याणला आले आणि आम्ही मारुती ८०० घेतली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन. पॉइंट गेले, चोक गेला, जेट फुंकायचं राहिलं नाही. किती पेट्रोल, कधी ठिणगी, हे आता ईसीयू ठरवत होता. रविवारचं काम एअर फिल्टर, प्लग आणि बॅटरीच्या टर्मिनलांवर आलं.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना आठवतं. इकडे उल्हास आणि वालधुनी घरांत शिरल्या, त्याची आठवण आमच्या भागापुरती राहिली. आमच्या आवारातल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर शेजारचे एकेक जण किल्ली घेऊन खाली आले. प्रत्येकाला बघायचं होतं, चालू होते का. मी गाडीगाडीशी जाऊन सांगत होते, सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला जायला जागा नसते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काहींनी ऐकलं. एका गाडीतून जो आवाज आला तो अजून कानात आहे. तिचं इंजिन उतरवावं लागलं.

मी बॅटरीची मायनस वायर काढली आणि गाडी ओढून गॅरेजला नेली. मिस्त्रींनी प्लग काढून सेल्फ मारला तेव्हा प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. सम्पमधलं ऑइल दुधाळ झालेलं होतं. ते काढून नवं भरलं, इंजिन थोडं चालवून तेही काढलं, ऑइल स्वच्छ निघेपर्यंत. ईसीयू उघडून वाळवला. माझं काम वायर काढण्यापाशी संपलं होतं. पण ते वेळेवर केलं म्हणून मिस्त्रींच्या हातात वाचवण्याजोगं इंजिन आलं. घरी थोडंफार शिकलेल्या माणसाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

आताच्या गाडीत डॅशबोर्डखाली सॉकेट आहे. त्यात बोटभर स्कॅनर बसवला की फोनवर कोड येतो. मध्यंतरी गाडी मिसिंग मारायला लागली. कोड आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही. का होत नाही, हे कोड सांगत नाही. एका सर्व्हिस सेंटरमध्ये 'इग्निशनचं सगळं बदलावं लागेल' असा अंदाज मिळाला आणि वर 'मॅडम, सरांना फोन लावून देता का?' असंही विचारलं गेलं. घरी येऊन मी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल्सची अदलाबदल केली, कोड पुसला, चक्कर मारून आले. आता कोड पी०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली होती. एक कॉइल आणली, बसवली. सगळं बदलणाऱ्याला आणि माझ्यासारख्या मालकालाही हे पाच मिनिटांचं काम सुचलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी सुटे भाग आणि माहिती मिळाली पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ला चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड सुनावला. अस्सल सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू दिली जात नाही, हा ठपका होता. प्रकरण अपिलात गेलं, पण मुद्दा खणखणीत होता आणि आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोरानं कल्याणात शटर उघडलं, तर त्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरइतकीच माहिती हाताशी हवी.

उस्ताद आता नाहीत. गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी मी त्याच्याकडेच बदलून घेते. ते हवेतला ओलावा शोषतं, उकळायचं तापमान उतरतं आणि घाटात ब्रेक हवा असतो नेमकं तेव्हाच पेडल बसतं. मागच्या खेपेला भाच्याची ऑटोमॅटिक गाडी बरोबर नेली होती, गिअर बदलताना झटका देत होती. उस्तादांच्या मुलानं चालवून पाहिली, खालून ऑइल गळतंय का ते बघितलं, स्कॅनर लावला. मग हात पुसत म्हणाला, "ताई, हा गिअरबॉक्स मी उघडत नाही. ठाण्याला एक जण फक्त हेच करतो, त्याला फोन करून ठेवतो." तपासल्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. आम्ही त्याच दुपारी गाडी ठाण्याला नेली.