खाजनाच्या बांधावरून

आमच्या बेळगाव-खानापूर भागातून गोव्यास जाणाऱ्या कुटुंबांची संख्या थोडीथोडकी नाही. डिसेंबरच्या फेस्ताला तर मोटारी भरभरून जातात. मंडळी जुन्या गोव्यात उतरतात, संत फ्रान्सिस झेवियरच्या पेटीपुढे गुडघे टेकतात, मेणबत्त्या लावतात, पणजीला जाऊन समुद्र पाहतात, आणि काजूगरांची पुडकी घेऊन घाट चढतात. ह्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्यांचा चरितार्थ शेतावर चालतो अशा आमच्या वाचकांस आम्ही सुचवू इच्छितो की, पुढील खेपेस बासिलिकेच्या दर्शनानंतर व्हाइसरॉयच्या कमानीखालून तसेच खाली मांडवीच्या धक्क्यावर जावे आणि फेरीबोटीने पैलतीर गाठावे. पलीकडे दिवाडी नावाचे बेट आहे. तेथे पाहण्यासारखे जे आहे त्याची चित्रे दुकानात मिळत नाहीत.

आम्ही गेलो ते श्रावणाच्या दिवसांत. बोट पैलथडीला लागली आणि रस्ता एका अरुंद बांधावरून गावाकडे निघाला. डाव्या हातास भरतीची नदी, उजव्या हातास भाताची हिरवीगार शेते. थोडे चालल्यावर ध्यानात आले की नदीचे पाणी वर आहे आणि शेत खाली! आमच्याकडे पाणी वरून खाली येते, पाट काढला की शेतात उतरते. पाणी कमी कसे पडणार नाही एवढीच आमच्या शेतकऱ्याची विवंचना. येथे चिंता नेमकी उलटी. पाणी उशाशीच आहे, ते दिवसातून दोनदा चढते, आणि ते खारट आहे. मधे दोन पुरुष रुंदीचा मातीचा बांध आहे, म्हणून भात आहे.

गोव्यात शेतजमिनीचे तीन प्रकार मानतात. उंचावरची ती मोरड, वाळूसर ती खेर, आणि खाडीकाठची सखल ती खाजन. ह्या खाजन जमिनी राज्यात सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. म्हणजे गोव्याच्या भूमीचा साधारण विसावा हिस्सा. ही जमीन मूळची शेताची नव्हे. भरती-ओहोटीच्या चिखलातून आणि तिवरांच्या रानातून ती माणसाने हाताने काढलेली आहे. केव्हापासून, ह्याचा एक पुरावा फोंड्याजवळील बांदोडे येथे मिळालेल्या ताम्रपटात आहे. मौर्य राजा अनिर्जितवर्मा ह्याचा तो दानलेख साधारण सहाव्या शतकातील मानतात, आणि त्यात ‘खज्जन’ भूमीचा उल्लेख आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वी हजार वर्षे हे काम चालू होते, असाच त्याचा अर्थ.

बांधाची घडण आम्ही बारकाईने विचारून घेतली. आत खाडीचा चिकट चिखल, त्यात भाताचा पेंढा थराथराने दाबलेला, जेथे प्रवाहाचा मारा जास्त तेथे बाहेरून जांभ्या दगडाची फरसबंदी. बांधापुढे नदीच्या अंगास तिवरे मुद्दाम राखतात. लाटेचा जोर त्यांच्या मुळांत मोडतो. बांधाचा मोठा वैरी लाट नव्हे, तर खेकडा. तो बीळ पाडतो, बिळातून पाण्याची धार लागते, आणि वेळीच चिखलाचा गोळा बसला नाही तर एका अमावास्येच्या भरतीत तेथे खिंडार पडते. म्हणून पूर्वी गावातर्फे बांधाचा राखणदार नेमलेला असे, आणि तो रात्रीच्या भरतीलाही फिरत असे.

आता ह्या सर्व रचनेचे हृदय जे मानस, त्याविषयी. बांधात जांभ्या दगडाचे पक्के मुख बांधलेले असते व त्यास लाकडी दारे असतात. ही दारे उघडण्यास वा मिटण्यास माणूस लागत नाही. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात. ओहोटीस बाहेरचे पाणी उतरले की आत साचलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब अधिक होतो व तीच दारे बाहेरच्या बाजूस उघडतात. जादा पाणी नदीत निघून जाते. सहा-सहा तासांनी हा खेळ चालतो, रात्री गाव झोपलेले असतानाही. आम्ही मानशीवर अर्धा तास उभे होतो. ओहोटी लागली, फळ्या करकरल्या, बारीकशी फट पडली, आणि मग पाणी घोषाने बाहेर धावले. सेमिनरीत आम्हांस पदार्थविज्ञानाचे चार धडे शिकविले होते. द्रवाचा दाब ह्या विषयावर इतके चांगले प्रात्यक्षिक कोणी दाखविले नव्हते.

मानशीच्या आतल्या अंगास पोंय असते. हा एक खोलगट डोह. शेतांतील लहान चर येथे येऊन मिळतात. थोडेबहुत खारे पाणी आत आलेच तर ते शेतात न पसरता पोंयीत राहते. पण पाण्याबरोबर आणखी काही येते. सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, चणक ह्यांची पिले आत शिरतात व शांत पाण्यात वाढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ओहोटीच्या वेळी, मानशीच्या मुखाशी पिशवीसारखे जाळे लावून ही मासळी धरतात. हा मासे धरण्याचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जाई, आणि आलेला पैसा बांधाच्या डागडुजीस लागे. ह्या व्यवस्थेची खरी गोम आम्हांस येथे दिसली. भात बांधावर अवलंबून, बांध पावणीच्या पैशावर, पैसा मासळीवर, आणि मासळी मानशीवर. चारांतील एक जरी निखळला तरी उरलेले तीन फार काळ तग धरीत नाहीत.

भाताची गोष्टही वेगळी. जून महिन्यात पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत थांबावे लागते. मग मोड आणलेले बियाणे फेकतात. जुलैमध्ये पावसाने मोठी उघडीप दिली की मीठ पुन्हा वर येते व रोपे करपतात. ह्या जमिनीचे जुने भात म्हणजे कोरगुट. उंच वाढणारे, कुसळाचे, तांबड्या तांदळाचे. उत्पन्न बेताचे, परंतु खारे पाणी चार दिवस पायाशी राहिले तरी उभे राहण्याची त्याची ताकद जया किंवा ज्योती ह्या सुधारलेल्या वाणांत नाही. पेज त्याची करावी, असे दिवाडीच्या बायका सांगतात. आम्हांस एका घरी ती मिळाली, सोबत कैरीचे मिठातले लोणचे होते. बेळगावी बासमतीचा आम्हांस अभिमान असला तरी पेजेच्या बाबतीत आम्ही तो थोडा आवरता घेतो.

ही शेते पूर्वी एकेकट्याची नव्हती, गावाची होती. गावकरीचे जुने रिवाज आफोंसो मेशिया ह्याने १५२६ साली ‘फोराल’ नावाच्या लेखात नोंदविले. ते रिवाज त्याने निर्माण केले नाहीत. पुढे गावे ख्रिस्ती झाली, देवळांच्या जागी चर्च आली, परंतु गावकरी राहिली. शेते लिलावाने कसावयास देणे, बांध दुरुस्त करणे, चर्चचा खर्च पाहणे व उरलेल्यातून गावकरांस ‘जोण’ वाटणे हे तिचे काम. ऑगस्टमध्ये गोव्यात जे कणसाचे फेस्त होते, रायला ५ तारखेस, ताळगावला २१ तारखेस, त्यात पहिली कणसे कापून वेदीपाशी आणण्याचा मान अजून गावकरांचा आहे. दिवाडीचा बोंदेरांचा उत्सव पाहावयास पुष्कळ लोक जातात, पण ती रंगीत निशाणे मुळात वाड्यावाड्यांतील शेताच्या हद्दींच्या भांडणांतून आली असे जुने लोक सांगतात. जमीन चिखलाची असली तरी तिच्यासाठी भांडावे एवढे तिचे मोल होते.

तथापि गावकरीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. जोण मिळे ती गावकरांच्या पुरुष वंशजांस. जो कूळ म्हणून चिखलात उभा राही त्यास, आणि जी बाई दिवसभर वाकून लावणी करी तिला, त्या वाट्यात स्थान नव्हते. म्हणून गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळकायदा आला व १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व मान्य झाले, तेव्हा गरिबांस न्याय मिळाला असेच आम्ही म्हणू. परंतु शेत कुळाचे झाले, बांध कोणाचा? तो वाटून घेण्याजोगा नव्हता. १९७५ च्या नियमांनी कुळांचे संघ स्थापून बांधाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. काही गावांत ते संघ नेटाने चालले. अनेक गावांत ते कागदावर राहिले, आणि मानशीची पावणी तेवढी चालू राहिली.

येथून दुखणे सुरू झाले. मासळीचा भाव वाढला, भाताचा तितका वाढला नाही. मानस घेणाऱ्यास दार अधिक वेळ उघडे राहिलेले हवे, कारण जितके खारे पाणी आत तितकी सुंगटे अधिक. शेतकऱ्यास ते मिटलेले हवे. रात्री फळीखाली एक दगड कोण सरकवितो हे गावात सर्वांस ठाऊक असते व कोणी बोलत नाही. काही ठिकाणी बांध मुद्दामच फोडले गेले. त्यात नदीतून खनिजाचे बार्ज दिवसरात्र चालत. त्यांच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे काठ खचले. खाणींवर २०१२ साली व पुन्हा २०१८ साली बंदी आली तेव्हा बार्ज थांबले, पण खचलेला बांध आपोआप उभा राहत नाही. आणि आणखी एक पेच पाहा. खिंडारातून खारे पाणी शिरले की पडीक शेतात तिवरे उगवतात. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण मग जमीन परत लागवडीस आणावयाची तर ती तोडता येत नाहीत. २०११ च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा खास निर्देश आहे, त्यांचे नकाशे करावेत, त्यांवर बांधकाम होऊ देऊ नये असे तीत म्हटले आहे. नियमाने बंगले थांबतील. खेकड्याचे बीळ बुजविण्यास मात्र माणूसच लागतो.

जुन्या गोव्यातच, चर्चच्या शिखरांपासून फार दूर नाही, केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी कोरगुटातून निवड करीत ‘गोवा धान १’ व ‘२’ ह्या जाती काढल्या, पुढे ‘३’ व ‘४’ आल्या. मीठ सोसून अधिक पीक देणे हा त्यांचा हेतू. आपल्या कोकणातही पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने असेच वाण दिले आहेत. केरळात खाऱ्या पाण्यात पोक्काळी भात घेतात, आणि कापणीनंतर त्याच शेतात कोळंबी वाढवितात. त्या भातास २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भात आणि मासळी ह्यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे त्यावरून दिसते. वेळ ठरलेली असावी आणि ती सर्वांनी पाळावी, एवढेच. समुद्राची पातळी वाढत आहे हे आता जगभरचे शास्त्रज्ञ सांगतात. अशा काळात मीठ सोसणारे बियाणे आणि भरती अडविणारा मातीचा बांध ह्या वस्तू जुनाट म्हणून टाकण्याच्या नव्हेत. उद्या इतरांनाही त्या लागतील.

दिवाडीच्या पुढे चोडण आहे, जुवे आहे. जुव्याची भेंडी साऱ्या तिसवाडीत प्रसिद्ध. ह्या बेटांपैकी एकावर, नाव सांगत नाही, आम्हांस एक वयस्क शेतकरी भेटले. त्यांचे शेत दोन वर्षे पडीक होते. “फादर, बांध फुटला ती रात्र गणेश चतुर्थीच्या आधीची,” ते म्हणाले. “भात कमरेएवढे होते. सकाळी पाहिले तो समुद्र. आता खिंडार बुजविले तरी मीठ निघायला दोन-तीन पावसाळे जातात.”

“मुलगे काय करतात, बाबा?” आम्ही विचारले.

“एक बोटीवर, एक इंग्लंडला. पैसे पाठवितात. म्हणतात, पप्पा, तांदूळ विकत घ्या, कशाला चिखलात उतरता? त्यांचे चूक नाही. पण माझे शेत पडीक राहिले की शेजाऱ्याच्या शेतात पाणी शिरते. तो हिंदू, गरीब माणूस, त्याचा एकही पोरगा बाहेर नाही.”

गेल्या उन्हाळ्यात ह्या शेजाऱ्याने व त्यांनी मिळून घरोघर फिरून वर्गणी जमविली. काही घरे बंद होती, त्यांच्या मालकांस परदेशी निरोप धाडले. काहींनी पैसे पाठविले, काहींनी उत्तर दिले नाही. सरकारच्या मृदसंधारण खात्याकडे अर्ज केला तो वेगळाच. पावसाआधी खिंडार तात्पुरते बुजले, परंतु मानशीची दारे जुनी झाली आहेत, दोन फळ्या कुजल्या आहेत. खाऱ्या पाण्यात टिकेल असे लाकूड आणि ते जुन्या मापाने बसविणारा सुतार, दोन्ही आता सहज मिळत नाहीत. गावात असा एकच सुतार उरला आहे, आणि त्याने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. कोरगुटाचे बी मात्र त्यांच्या बायकोने दोन्ही वर्षे जपून ठेवले. दर उन्हाळ्यात बाहेर काढून ऊन दाखविले, आणि पहिल्या वर्षी जुने होईल म्हणून शेजाऱ्याच्या वरच्या शेतातील एका कोपऱ्यात पेरून नवे करून घेतले. माळ्यावर कणगीत ते आहे. आम्ही वर चढून पाहिले. मुडाभर असेल.