रात्रीची बाटली

चि. सोनू,


छोट्याचा फोटो मोठा करून पाहिला. वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ दिसते आहे. कॅल्शियम कमी पडतंय का, असं विचारलंस. नाही गं. किडीची ही पहिली पायरी, पण खड्डा पडण्याआधीची. इथून मागे फिरता येतं. रेघ तपकिरी होऊन तिथे खळगा पडला, की मग दवाखान्याच्या खुर्चीला पर्याय नाही.

खालचे दात मात्र स्वच्छ आहेत, त्यावरूनच मला बाटलीची शंका आली. बाळ चोखतं तेव्हा जीभ खालच्या दातांवर येते आणि जिभेखालून लाळही पाझरत असते. वरचे दात उघडे राहतात, दूध त्यांच्याभोवती साचतं. दिवसा लाळ ते धुऊन काढते. झोपेत लाळच खूप कमी होते. जंतू साखरेचं आम्ल करतात, आणि दुधाच्या दाताचं कवच मुळात पातळ. दुधात साखर घालतेस का, हे विचारत नाही. घालत असशील तर आजपासून बंद.

बाटली एकदम तोडू नकोस, रडारडीला कंटाळून तूच हार मानशील. रात्रीचं दूध दर दोन-तीन दिवसांनी थोडं पातळ करत जा, शेवटी नुसतं पाणी उरू दे. पाण्यासाठी दीड वर्षाचं पोर फार दिवस उठत नाही. झोपण्याआधीचं दूध पेल्यातून, मग दात घासायचे, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

पेस्ट फ्लोराइडची घे, तांदळाच्या दाण्याएवढीच लाव. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ट्यूबवरची स्ट्रॉबेरी पाहून भुलू नकोस, मागची बारीक अक्षरं वाच. मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. निदान १००० पीपीएम हवं. मात्र हा सल्ला तुझ्या जावेला जसाच्या तसा पाठवू नकोस. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, दातांवर डाग पडतात. तिने आधी तिथल्या डॉक्टरांना विचारावं.

आता सासूबाईंचं. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे मी दवाखान्यात इतकं ऐकलंय की रागही येत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांचा झाल्यावर पडतील, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. तोवर मुलाने चावायचं कशाने? शिवाय दुधाची दाढ म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. तो लवकर उचलला गेला की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि ज्या दाताची जागा होती तो वाकडातिकडा कुठूनतरी वर येतो. ही मागची पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, तीही कुठलाच दात न पडता. म्हणून भले भले लोक तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात. वाद घालू नकोस. त्यांना एकदा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा, सुनेचं नाही तरी पांढऱ्या कोटाचं ऐकतील.

आजोबांच्या खिशातल्या बिस्किटांचंही बघ. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथल्या संस्थेत १९४५ नंतर मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडवले. आज वाचताना संताप येतो. पण त्यातून दिसलं ते असं, की साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली आणि ती दाताला किती वेळ चिकटून राहिली, यावर कीड जास्त अवलंबून असते. तेव्हा बिस्कीट द्यायचंच तर जेवणाबरोबर, दिवसभर एकेक नको.

मुलांच्या दंतवैद्याकडे या आठवड्यातच जा. फ्लोराइडचं वार्निश लावायचं का, तेही विचार. खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवायचं असतं, कुणी सांगत नाही. आणि जाताना ‘सुई टोचणार नाहीत हं’ असं म्हणू नकोस. त्याला सुई आठवलेलीही नसते.

महिन्याभराने पुन्हा फोटो पाठव. ओठ वर उचलून, खिडकीच्या उजेडात, आणि दात स्वच्छ फडक्याने पुसून. ओल्या दातावर ती पांढरी रेघ नीट दिसत नाही.

तुझी,
मावशी