पुढच्या चाकांचं तेल

बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा-आष्टीकडे, जमीन बरड. पाऊस उघडला की मुरूम लगेच पाणी पिऊन मोकळा. खाली गोदाकाठाला, गेवराई-माजलगावकडे उतरलात की काळी लागते, आणि ती एकदा भिजली की आठ-आठ दिवस वापशावर येत नाही. गाडीवाटेत चाक गरगरतं, मडगार्डमध्ये चिखलाचे थर बसतात आणि गाडी जागची हलत नाही. बीड जिल्ह्यात फोर-व्हील कशाला लागते, असं विचारणाऱ्याला मी श्रावणात त्या वाटेवर यायचं आमंत्रण देतो. अर्थात, असे दिवस वर्षातून मोजकेच. बाकी वर्षभर उन्हातान्हाच्या मुलखात चिखलासाठी केलेली यंत्रणा सांभाळत बसायचं, हा माझा छंद. घरच्यांना तो अजून पटलेला नाही.

गाडी महिंद्राची, एमएम ५४०, नव्वदच्या दशकातली, दुसऱ्याच्या हातून आलेली. १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडल्या जाऊ लागल्या, त्याच घराण्यातली. इंजिन प्यूजोचं, चार सिलिंडरचं डिझेल, २,११२ सीसी. त्याच्या नावातलं ४.९० म्हणजे चार सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरचा बोअर. इतकं सरळ नाव आताच्या कुठल्या इंजिनाला असेलसं वाटत नाही. थंडीत हीटर तापेपर्यंत चावी धरून ठेवावी लागते, तोवर शेजारचे जागे होतात. डिझेलमध्ये हवा शिरली तर फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी पांढुरका फेस येतो, मग एखाददुसरा बुडबुडा, मग अखंड धार. तेवढ्यात बोल्ट आवळायचा. ना लॅपटॉप लावायला लागतो, ना कोडं सोडवायला.

खरी मजा गाडीखाली आहे. लिंबाच्या सावलीत पोतं अंथरायचं आणि सरळ आत सरकायचं. गाडी उंच, त्यामुळे तेल बघण्यापुरता जॅकही लागत नाही. मधोमध गिअरबॉक्स, त्याला चिकटून ट्रान्सफर केस. आत, सीटजवळ निघालेल्या दोन बुटक्या दांड्या याच्याच: एक पुढची चाकं जोडायला, दुसरी हाय-लो बदलायला. लो टाकली की जोर जवळजवळ अडीचपट होतो आणि वेग त्याच हिशेबानं उतरतो. या दोन डब्यांचं एक गुपित आहे. मधलं सील झिजलं की गिअरबॉक्समधलं तेल गुपचूप ट्रान्सफर केसमध्ये जातं. बाहेर थेंब सांडत नाही, म्हणून मालक निर्धास्त. आणि आत एक डबा भरून वाहतोय, दुसरा कोरडा पडत चाललाय. त्यामुळे एकाचा प्लग उघडला की दुसऱ्याचाही उघडायचाच. बोट आत घालून बघायचं, तेल बोटाला लागलं पाहिजे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग मात्र पुढचं हाऊसिंग. लोकांना वाटतं, फोर-व्हील लावलीच नाही तर पुढचं तेल कशाला बघा? पण फ्री-व्हील हब बसवलेले नसतील तर पुढची चाकं ओढत नसतानाही आतले शाफ्ट, क्राऊन, पिनियन चाकांसोबत फिरतच असतात. गाडी पाटोद्याहून बीडला डांबरी रस्त्यानं आली तरी ते बिचारे वाटभर बिनकामाचे फिरलेले असतात. तेल नसेल तर झिजतात, आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. खूण एकच: चाकामागच्या गोल नकलवर हात फिरवायचा. तिथं घट्ट काळं ग्रीस हवं. ग्रीस पातळ होऊन टायरच्या आतल्या बाजूनं ओघळ आले असतील तर समजायचं, आतलं सील गेलं आणि हाऊसिंगचं तेल तिकडे निघालं.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "मालक, ही दांडी महिन्याला एकदा तरी टाकीत जा, चिखल असो का नसो. बसून बसून जाम व्हती." ते मी पाळतो, पण डांबरावर नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. या जीपमध्ये तो फरक सोडवणारं मधलं डिफरन्शिअल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर गाडी आखडते आणि दांडी निघता निघत नाही. मी कापूस उपटलेल्या रानात जातो. ढेकळांत दोन फेऱ्या मारायच्या. रानमालक बांधावर उभा राहून हसतो, हसू दे.

खंडेनवमीला पाने धुऊन मांडतो. रिंग पान्यांवर हळदकुंकू चांगलं दिसतं, टॉमीवर तर फारच. ग्रीस गनलाही झेंडू लागतो, आणि त्या दिवशी तिला हात लावायचा नाही म्हणून बायको खूश.

जुनी फोर-व्हील घ्यायला निघाला असाल तर रंग, सीट, टेप यांच्याकडे शेवटी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा आधी पुस्तकावरच्या तारखा वाचा. मग अंगावर जुने कपडे घालून गाडीखाली झोपा, पुढच्या हाऊसिंगचा प्लग स्वतः उघडा आणि मऊ रानात दोन्ही दांड्या टाकून बघा. मालक "त्याची काय गरज" म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.