सुट्टीचा पास

अनोळखी शहरात सुट्टीसाठी जाणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला देवळे आणि किल्ले यांच्याआधी एक कोडे सोडवावे लागते. रोजचे तिकीट रोज काढावे, की एकदाच पैसे भरून पास घ्यावा? २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस आईला घेऊन दिल्लीला जाण्याचे ठरले, तेव्हा हे कोडे मी मोठ्या हौसेने सोडवायला बसलो.

दिल्ली मेट्रोचे पर्यटकांसाठी वेगळे कार्ड असे. तीन दिवसांचे ५०० रुपयांना मिळे आणि त्यांतले ५० रुपये कार्ड परत करताना हाती येत. म्हणजे दिवसाला १५० रुपये पडले. पाच ते बारा किलोमीटरच्या प्रवासाला तेव्हा ३० रुपये पडत आणि त्यापुढे एकवीस किलोमीटरपर्यंत ४०. तीस-तीस रुपयांचे पाच प्रवास झाले की दिवसाचे पैसे वसूल. सहावा प्रवास ही निव्वळ कमाई. नेहमीच्या स्मार्ट कार्डावर दहा टक्के सूट होती, ती धरली तर निव्वळ कमाई सातव्या प्रवासापासून सुरू होई. करोल बागेतल्या मुक्कामावरून सकाळी लाल किल्ला, दुपारी कुतुबमिनार, संध्याकाळी लोधी बाग असा बेत मी आखला. बेत आखताना मी ठिकाणे पाहत होतो की प्रवास मोजत होतो, हे सांगणे कठीण आहे.

आईने कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "मला पास नको," ती म्हणाली. "पास काढला की जावंच लागतं."

हे वाक्य समजायला तिची तीस वर्षे ठाऊक असायला हवीत. डोंबिवली ते व्हीटी हा तिचा रस्ता होता आणि बायकांचा दुसऱ्या वर्गाचा डबा ही तिची दुसरी ओसरी. त्या डब्यात तिने मटार सोलले, स्वेटर विणले, दोन मैत्रिणींच्या मुलींची लग्ने जुळवली. मुंबईच्या उपनगरी गाडीचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याचे पैसे आठव्या दिवशी फिटतात आणि उरलेला महिना फुकटात पडतो. २०१४ साली ही रक्कम दुप्पट करण्याचे ठरले, तेव्हा एवढी ओरड झाली की तो निर्णय फिरवावा लागला. पण पंधरा फेऱ्यांचा हा औदार्याचा हिशेब माणूस रोज जाणारच, या खात्रीवर उभा आहे. ताप असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत. पर्यटकाचा पास त्याच्या उलट असतो. तेथे कोणतीही खात्री नसते, म्हणून तो पैजेसारखा घ्यावा लागतो. आणि एकदा पैज लावली की थकलेल्या पायांनाही ती जिंकावीशी वाटू लागते.

आई निवृत्त झाली तेव्हा तिच्या तिमाही पासाचे एकोणीस दिवस शिल्लक होते. वडिलांनी सुचवले की दादरला बहिणीकडे जाऊन ये, पास आहेच. ती गेली नाही. महिन्याभराने गेली, ती तिकीट काढून. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. तो पास रेक्झिनच्या पाकिटात कपाटात होता. वडील गेल्यावर कपाट आवरताना मी तो पाहिला. तिने हातातून घेतला आणि पुन्हा तेथेच ठेवला.

तर आम्ही दिल्लीत तिकिटे काढून हिंडलो. त्या वेळी मेट्रोचे एका प्रवासाचे तिकीट म्हणजे प्लॅस्टिकचे गोल टोकन असे. आत जाताना यंत्राला दाखवायचे आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचे. आईला ही व्यवस्था फार पटली. "जेवढं वापरलं तेवढं परत करून मोकळं," ती म्हणाली. गाडीचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव होता. मी तिला तिकडे जाण्याविषयी विचारले, तर म्हणाली, "बायकांचा डबा पुष्कळ झाला. आज तुझ्याशेजारी बसते."

दिवसाला दोन, फार तर तीन प्रवास होत. हुमायूनच्या कबरीच्या बागेत ती दीड तास बसून राहिली. पासाच्या हिशेबात हा दीड तास कोठल्या रकान्यात पडला असता, मला माहीत नाही. तेथून परतताना मथुरा रोडवर आम्ही बस पकडली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीत स्त्रियांचा बसप्रवास विनामूल्य झाला होता. कंडक्टरने आईच्या हातात गुलाबी तिकीट ठेवले. तिने पर्स उघडली. त्याने मान हलवली. "अहो, पण मी इथली नाही," असे तिने आपल्या हिंदीत दोनदा सांगितले. तो पुढे सरकला होता. तिकिटावर १० रुपये किंमत छापलेली होती. ते दहा रुपये सरकार बस कंपनीला देणार, असे मी समजावले, तेव्हा तिने तिकिटाची व्यवस्थित घडी घातली.

मला मात्र पूर्ण भाडे पडले. पास, स्मार्ट कार्ड, दहा टक्के सूट या सगळ्या आकडेमोडीत आईचे वय, तिचे गुडघे आणि भाऊबीज या गोष्टी मी धरल्याच नव्हत्या. कोणत्याच कोष्टकात त्या बसत नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी सामान बांधून झाले होते आणि गाडीला चार तास होते. आईने विचारले, "ती नदीवरून जाते ती गाडी इथूनच मिळते ना?" करोल बागेहून अक्षरधामकडे जाणारी मेट्रो यमुना ओलांडते, दोन दिवसांपूर्वी आम्ही त्या मार्गाने गेलो होतो. आता अक्षरधामला काही काम नव्हते. मी दोन टोकने घेतली. इंद्रप्रस्थ मागे पडले, पुलावर ऊन होते, खाली पाणी थोडे आणि वाळू फार. ती काचेला कपाळ टेकून पाहत राहिली. अक्षरधामला आम्ही उतरलो, टोकने खाचेत टाकली, आणि परतीची घेण्यासाठी मी रांगेत उभा राहिलो. पुढे सात-आठ माणसे होती. आई खांबाला टेकून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत होती. तिला कसलीही घाई नव्हती.