तुटलेली लीड

आम्ही दोघे भाऊ. हा प्रसंग दोघांच्या वाट्याचा आहे आणि त्यातली चूकही दोघांची, म्हणून इथे 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

अब्बांनी मुंबईत सत्तावीस वर्षं टॅक्सी चालवली. काळी-पिवळी पद्मिनी. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, ती बातमी आम्हीच त्यांना जतच्या घरी वाचून दाखवली. त्यांनी नुसती मान हलवली. तोवर त्यांच्या हातांना कंप सुटला होता आणि दारातल्या जुन्या पेट्रोल गाडीची किल्ली आम्ही त्यांच्याकडून काढून घेतली होती. "अब्बा, आता तुम्ही चालवू नका," एवढंच बोललो. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. पुढे आम्ही गाडीला गिऱ्हाईक शोधू लागलो, तेही त्यांना न सांगता.

अम्मीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत ठरलं होतं. सोमवारी सकाळी आठला पोहोचायचं. रविवारी संध्याकाळी गाडी चालू करून पाहिली तर इंजिन थरथरायला लागलं. चार सिलिंडरांपैकी एक काम करत नव्हता. गॅरेज बंद. भाड्याची गाडी आणता आली असती, पण दारात गाडी असताना अब्बांच्या डोळ्यांदेखत ती आणणं जिवावर आलं.

बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगची लीड सैल वाटली, म्हणून वायर धरून जोरात ओढली. वायर हातात आली, रबरी टोपी आतच राहिली.

पद्मिनीचं बॉनेट उघडलं की प्लग समोर दिसायचे. या गाडीचं इंजिन सोळा व्हॉल्व्हचं. त्यात प्लग हेडच्या मधोमध, वीतभर खोल अरुंद विहिरीत बसतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर प्लगच्या चिनी मातीला घट्ट चिकटतं. लीडच्या आत तांब्याची तार नसते, कार्बनचा धागा असतो. तो ओढ सहन करत नाही. लीड धरायची ती टोपीजवळ, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि आत घालून टोपी उचकटायला निघालो.

"थांबा!"

अब्बा ओट्यावरून उठून आले होते. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला. "चिनी माती फुटंल. तुकडा सिलिंडरमध्ये गेला तर हेड खोलावं लागंल. अम्मीला काय डोक्यावर घेऊन जाणार?"

आम्ही गप्प झालो. किल्ली काढून घेतली होती, पण अक्कल त्यांच्याकडेच होती.

"किल्ली काढा. इंजिन थंड होऊ द्या."

अर्धा तास गेला. मग त्यांनी सायकलचा पंप मागवला. विहिरीच्या तोंडाशी साचलेली धूळ, वाळूचे कण हवेनं उडवायला लावले. प्लग काढताना तेच आत पडतात. टॉर्च त्यांनी स्वतः धरला. उजेड भिंतीवर, इंजिनवर, आमच्या हातांवर नाचत होता. आमच्यातल्या एकानं टॉर्च घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. कोपर मडगार्डवर टेकवून, दोन्ही हातांनी धरला. उजेड थोडा स्थिर झाला.

अम्मीची क्रोशाची सुई मागवली. तिच्या बोथट बाजूनं रबर आणि चिनी माती यांच्यामध्ये हलकेच फिरवायला सांगितलं, म्हणजे आत हवा शिरते आणि पकड सुटते. मग त्यांच्या जुन्या पिशवीतला लांब चोचीचा पक्कड. रबराची कड धरली आणि सवयीनं वर ओढायला गेलो.

"खींचो नको रे, पयले घुमाव."

डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. पुन्हा डावीकडे. चौथ्या-पाचव्या वेळी रबर फिरलं. मग सरळ वर उचललं तर टोपी निघाली. पितळी टोपण मात्र प्लगच्या डोक्यावरच राहिलं होतं. तेही तसंच फिरवून काढलं. पुन्हा पंपानं हवा मारून प्लग सोडवला. चिनी मातीला चीर नव्हती. पेट्रोलनं ओला झाला होता, म्हणजे ठिणगीच पडत नव्हती. पुसून, वाळवून परत बसवताना पहिले आटे हातानंच लावायला लावले. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा वाकडे गेले की गेले.

"आणि लीड?" आम्ही विचारलं.

"डिकीत. स्टेपनीच्या खाली."

मागं लीड बदलल्या तेव्हा चालू असलेल्या जुन्या चार त्यांनी फेकल्या नव्हत्या. कापडात गुंडाळून, प्रत्येकीवर सिलिंडरचा आकडा घालून ठेवल्या होत्या. टॅक्सीवाल्याची सवय. तिसरी काढली, 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. इंजिन पहिल्याच चावीला चालू झालं. थरथर नव्हती. अब्बांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

रात्री जेवताना आम्ही सांगून टाकलं. गाडीला गिऱ्हाईक बघतोय म्हणून. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला.

"मला माहीत आहे. तो माणूस दोनदा येऊन गाडी बघून गेला, मी काय आंधळा आहे?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "विचारलं असतं तर विका म्हणालो असतो."

अम्मीनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. कुणीच काही बोललं नाही.

पहाटे निघालो. एरवी मागं अम्मीशेजारी बसणारे अब्बा त्या दिवशी पुढच्या सीटवर बसले. मिरजेपर्यंत इंजिनच्या आवाजाकडे कान लावून होते. अम्मीचं ऑपरेशन नीट झालं.

गाडी पुढे दोन महिन्यांनी विकली. या वेळी किंमत अब्बांनीच ठरवली. गिऱ्हाइकाला त्यांनी उरलेल्या तीन लीड कापडासकट दिल्या आणि सांगितलं, "वायर धरून कधी ओढू नका." बोलताना ते आमच्याकडे बघत होते.