बाजूला बसायचा दिवस

बायॉप्सीत कर्करोग निघाला. तो प्रोस्टेटबाहेर पसरलाय का, हे बघायला डॉक्टरांनी पीएसएमए पेट स्कॅन लिहून दिला. एवढ्या भारदस्त नावाच्या तपासणीला कडकडीत उपास असणार, असं मी धरून चाललो होतो. साखरेवर चालणाऱ्या नेहमीच्या पेट स्कॅनला तो असतोच. इथे म्हणाले, थोडं खाऊन या, पाणी भरपूर प्या आणि मशीनवर जाण्याआधी लघवी करून या.

प्रोस्टेटवाला म्हातारा पाणी कसं पितो, ते त्यालाच ठाऊक. एसटीचा प्रवास असला की सकाळपासून घोट घेत नाही. कार्यालयात शिरल्यावर वधूवरांआधी मुतारी हेरून ठेवतो. घशाला लावलेली ही शिस्त आता मोडायची होती. पण कारण पटलं. स्कॅनसाठी टोचलेलं औषध मूत्रपिंडांवाटे लघवीत उतरतं, भरलेलं मूत्राशय स्कॅनमध्ये झळाळतं आणि त्याला लागूनच असलेल्या प्रोस्टेटचं काही धड दिसत नाही. लाळग्रंथीही उजळतात म्हणे, तिथे रोग नसताना. रिपोर्ट आधी स्वतः वाचायची खोड असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

वेळ मात्र चुकवायची नाही. त्या औषधातलं किरणोत्सारी गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे आणून ठेवायची सोयच नाही. जर्मेनियमच्या जनरेटरमधून ते काढायचं, पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारा रेणू त्याला जोडायचा आणि लगेच टोचायचं. जन्मभर दवाखान्यांतून आपण ताटकळतो. इथे औषधालाच दम नव्हता. उगाचच मान मिळाल्यासारखं वाटलं. नंतर तासभर पडून राहणं आलंच.

शेवटची सूचना घरी पाळायची होती: काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. सुनेला सातवा महिना. माझं ताट मागच्या खोलीत आलं. ते ठेवताना बायको म्हणाली, "तुम्हाला कावळा शिवला म्हणायचा!"

दोघंही हसलो. आईच्या राज्यात ती दर महिन्याला याच खोलीत बसायची, वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या. माझ्यातून बाहेर पडणारे किरण यंत्राला मोजता येतात. तिच्यातून काय बाहेर पडत होतं, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मी आत्ता विचारलं.

"तुमचं संध्याकाळपर्यंत सुटेल," ती म्हणाली. "आमचं चौथ्या दिवशी, डोक्यावरून न्हाल्यावर."