बैठका



आमच्या बडोद्यात दांडिया बाजारच्या माझ्या वयाच्या बऱ्याच मुलांनी जुम्मादादा व्यायाम मंदिराची माती अंगाला लावली आहे. प्रो. माणिकराव आम्ही पाहिले नाहीत, पण नावाचा धाक होता. मल्लखांबात मी यथातथाच. बैठका मात्र शंभर मारायचो आणि घरी आईला त्याही वाढवून सांगायचो.

पुढे बी.कॉम., बँक, बदल्या. सायकल जाऊन स्कूटर आली. चाळिशीतला माझा व्यायाम म्हणजे दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत लेजरं काढणं आणि ठेवणं. निवृत्तीनंतर कमाटी बाग धरली. रोज पाऊण तास चालायचो. शुगर आटोक्यात, डॉक्टर खूश. "सत्तरी ओलांडली, पण एक दिवस खाडा नाही," असं बागेतल्या तरुण मंडळींना मुद्दाम ऐकवायचो.

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे आमची ही बाथरूममध्ये घसरली. मोडलं काही नाही, नशीब. पण तिला उठता येईना. मी शेजारी बसलो, तिच्या काखेत हात घातले, जोर लावला, तर माझेच गुडघे उठेनात. दोघंही ओल्या फरशीवर! मोबाईल बाहेरच्या खोलीत. शेवटी मी सरपटत गेलो आणि शेजारच्या मुलाला बोलावलं. त्याने आधी मला उठवलं, मग तिला. तिला हसू येत होतं. मला ते आजही येत नाही.

तिच्यासाठी फिजिओथेरपीवाली मुलगी येऊ लागली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, तमे पण." तिचं म्हणणं, चालणं हृदयाला चांगलंच, पण जमिनीवरून उठवतात त्या मांड्या, आणि त्यांना काम दिलं नाही तर वयाबरोबर त्या आटतात. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि शिवाय निदान तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा. म्हणजे माझी एक बाजू भरलेली आणि दुसरी कोरी. जन्मभर जमा-नावे लिहूनही हे लक्षात आलं नव्हतं.

तिने शिकवलं ते साधंच. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. पडल्यावर उठायचं कसं तेही: आधी कुशीवर, मग हातगुडघ्यांवर, खुर्ची धरून एक पाय पुढे, मग उभं. पहिल्या दिवशी खुर्चीतून चार वेळा उठलो आणि धाप लागली. शंभर मारणारा मी!

आता बागेत जाण्याआधी आम्ही समोरासमोर खुर्च्या मांडतो. मोजायचं काम तिचं. आठ झाल्या की मी "दहा" म्हणतो. ती पुन्हा सहापासून सुरू करते.